आईची गाणी मोबाईलमधून काढताना

भिलाईतल्या मैत्रिणींनो, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून इथं लिहून राहिली.

आज आईच्या हातून मोबाईल पडला आणि स्क्रीन काळी झाली. आत तिनं स्वयंपाक करता करता रेकॉर्ड केलेली तिची गाणी होती. गळ्याच्या ऑपरेशनपासून आई फक्त कुजबुजते. ती गाणी दुसरीकडे कुठंच नाहीत.

जुनवानीतला मोबाईलवाला म्हणाला, "डिस्प्ले रायपूर से आएगा दीदी, डेटा की गारंटी नहीं."

घरी येऊन मी केबल कॉम्प्युटरला लावली. मोबाईलचं नाव दिसलं, पण आत काहीच नाही. आधी लॉक उघडायला हवं होतं.

"पॅटर्न सांग ना, आई!" मी ओरडलेच.

"सांगता नाही येत मले. बोटाले माहीत आहे."

तिनं काळ्या काचेवर बोट फिरवलं आणि लॉक उघडल्याचा टक् आवाज झाला. माझा मोबाईल त्याच मॉडेलचा. 'फाइल ट्रान्सफर' कुठं येतं ते त्यात बघून मी तिच्या मोबाईलवर अंदाजानं दाबत राहिले. शेवटी फोल्डर उघडला!

सगळी गाणी कॉपी झाली. आनंदाच्या भरात मी एक लावलं. आईचा तो मोकळा आवाज खोलीभर घुमला. ती उभ्यानंच ऐकत होती. मग कुजबुजली, "बंद कर. मले कावून ऐकवून राहिली?" आणि आत गेली.

तेव्हापासून मला काही सुचत नाही. गाणी वाचली, पण मी ती कोणासाठी वाचवली, तिच्यासाठी की माझ्यासाठी? तुम्ही काय केलं असतं?