तात्यांची लंगडती मेंढी

मैत्रिणींनो, मागच्या वेळी मी लिहिलं होतं की घरचे मला डॉक्टरकी सोड म्हणतात. ते चूक होतं. तसं कुणीच म्हणालं नाही. दमलेय ती मीच.

आज दुपारी गावी, सणसरला, आमचे चुलत आजोबा, तात्या, लंगडती मेंढी घेऊन दारात आले. "डॉक्टरीणबाई, हिचा पाय बघा जरा."

"तात्या, मी परत नापास झालेय."

"मग मेंढीला नगा सांगू."

खुरातला काटा मी काढला. तो कसा काढायचा हे लहानपणी त्यांनीच मला शिकवलं होतं. मग आज माझ्याकडे का आले, ते मी विचारलं नाही.

थकवा अजून तसाच आहे. तुमचा कशानं जातो? मी सोमवारी पहिल्या एसटीनं बारामतीला जाऊन परीक्षेचा फॉर्म पुन्हा भरणार आहे.