मागे पडलेलं वॉर्डाचं घड्याळ

रविना पावराला घरी बसायला सांगितल्याचं रिम्शा पिंजारीला कळलं, तेव्हा ती रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर बिघडलेला प्रिंटर उघडून बसली होती. स्क्रू तसेच टेबलावर टाकून ती खाली आली.

रिम्शा शहाद्याचीच. वडील नासिरभाई गाद्या भरतात. घरात सगळीकडे कापूस, त्यामुळे खोकत खोकतच तिने कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि या खासगी रुग्णालयात लागली. सर्व्हर, वायरी, पासवर्ड विसरणारे डॉक्टर, सगळं तिच्या गळ्यात. बोलायला मऊ, पण चिडली की ऐकायची नाही. आई म्हणायची, हिच्या नाकावर मिरची ठेवूनच पाठवलीय अल्लानं.

नर्सच्या खोलीत रविना बाकावर पिशवी भरून बसली होती. ती तोरणमाळकडची. घाट उतरून शिकायला आलेली, वॉर्डात सगळ्यांत कमी बोलणारी सिस्टर.

"काय झालं?"

"प्रकाशा गावच्या त्या आजींना इंजेक्शननं रिॲक्शन आली ना. धुळ्याला नेलं, वाचल्या त्या. पण नातेवाईक फार ओरडले. मग पाटील साहेबांनी कॉम्प्युटरमधलं काढून दाखवलं. डॉक्टरांच्या आदेशाच्या आधीच मी इंजेक्शन दिलंय, असं येतं त्यात. चौकशी होईपर्यंत घरी बस म्हणाले."

"दिलंस का आधी?"

"नाही ताई. डॉक्टरांनी लिहिलं, मला पडद्यावर दिसलं, मग दिलं." ती थोडा वेळ पिशवीचा बंद ओढत राहिली. "पण मशीन खोटं कसं सांगेल? माझंच काही चुकलं असेल का?"

त्या शेवटच्या वाक्याने रिम्शाच्या डोक्यात तिडीक गेली. चुकलं कुठे, हे तिला तिथेच समजलं होतं. डॉक्टरांचे आदेश एका सर्व्हरवर उतरायचे, वॉर्डातल्या नोंदी दुसऱ्यावर. वॉर्डाच्या सर्व्हरचा आतला सेल कमजोर झालेला. वीज गेली की त्याचं घड्याळ रेंगाळायचं. दुसऱ्याचं घड्याळ उलट थोडं पुढे पळायचं. दोघांमध्ये पाव तासाहून जास्त अंतर पडलं होतं. आदेशावर पुढची वेळ, इंजेक्शनवर मागची. कागदावर इंजेक्शन आधी येणारच.

हे तिने मॅनेजर उमाकांत पाटलांना वर्षभर सांगितलं होतं. राउटरमध्ये वेळेचा रस्ता उघडू द्या. एक सर्व्हर इंटरनेटवरून बरोबर वेळ घेईल, बाकीचे सगळे त्याच्याकडून घेतील. खर्च म्हणाल तर एका सेलचा. सॉफ्टवेअरवाली कंपनी म्हणाली, आमच्या मशीनला हात लावला तर जबाबदारी आमची नाही. आणि पाटील म्हणाले होते, "चालू शे ना? मंग?"

ती थेट त्यांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, रविनाची चूक नाही. घड्याळांची आहे. मी तुम्हाला सांगत होते तीच."

पाटलांनी चष्मा काढला. ते वाद घालतील असं तिला वाटलं होतं. ते एकदम नरम आवाजात म्हणाले, "बरं. तू म्हणत होतीस ना, वेळ जुळवायची? करून टाक आजच. माझी परवानगी."

रिम्शा दारापर्यंत गेली आणि थांबली. आज घड्याळं जुळली, तर उद्या चौकशीत सगळी मशीनं एकच वेळ दाखवतील. फरक होता, हे मग कोणाला पटवायचं?

"आज नाही करणार," ती म्हणाली.

"काय?"

"आधी चौकशीवाल्यांना दोन्ही घड्याळं दाखवा. मग करते."

"तुले सांगं ना मी, आत्ता कर." पाटील चिडले की त्यांची कचेरीची मराठी गळून अहिराणी बाहेर पडायची. "नही तर मीच कंपनीले फोन करस. ते तिथून बसल्या बसल्या करतील."

त्यांनी फोन उचललाही. रिम्शा सर्व्हरच्या खोलीकडे जवळजवळ धावत गेली आणि राउटरमधून बाहेर जाणारी तार उपटली. आतलं काम चालू राहिलं, बाहेरून कोणाला शिरता येईना. वर्षभर ज्या कामासाठी तिने विनवण्या केल्या, ते काम हा माणूस आता एका मुलीला बुडवायला वापरत होता.

पाटील मागोमाग आले. "काय करी ऱ्हायनी तू? नोकरी जाईल."

"जाऊ द्या," ती म्हणाली, आणि त्यांच्यासमोरच रुग्णालयाच्या विश्वस्त सरलाबाईंना फोन लावला.

सरलाबाई आल्या त्या कपाळाला आठ्या घालूनच. नेटचं पेमेंट अडलंय, लोक खोळंबलेत, आणि ही मुलगी तार हातात धरून उभी. रिम्शाने फार समजावलं नाही. डॉक्टर करणसिंग गिरासे यांना बोलावून घेतलं आणि एका खोट्या रुग्णाच्या नावावर आदेश टाकायला सांगितला. तो पडद्यावर आल्यावर वॉर्डातून इंजेक्शनची नोंद केली. मग दोन्ही नोंदी एकाखाली एक काढल्या. सरलाबाईंच्या डोळ्यांदेखत आदेश आधी दिला होता. पडद्यावर इंजेक्शन आधी होतं.

सरलाबाईंनी दोन्ही मशीनच्या घड्याळांचे फोटो काढले आणि पाटलांना म्हणाल्या, "त्या मुलीला बोलवा परत."

रिम्शाचा राग तिथे उतरायला हवा होता. पण ती डॉक्टरांकडे बघत होती.

"सर, आजींच्या वेळीही आदेश तुम्ही आधी दिला होता. तुम्हाला तर माहीत होतं."

डॉक्टर हातातल्या पेनाचं टोपण काढत-लावत होते. "मला कोणी विचारलं नाही."

"ती पिशवी भरून बसली होती, सर. स्वतःवर संशय घ्यायला लागली होती."

"मला कोणी विचारलं नाही," ते पुन्हा म्हणाले आणि राउंडला निघून गेले.

मग तिने काम केलं. सेल बदलला, राउटरमध्ये रस्ता उघडला, एका सर्व्हरला बाहेरून वेळ घ्यायला लावलं आणि बाकीच्या मशीनना त्याच्या मागे बांधलं. वॉर्डाचं घड्याळ नोंदी थांबवून एकदम पुढे आणलं. पुढे पळालेल्या, आदेशांच्या घड्याळाला मात्र तसं एका झटक्यात मागे ओढता येत नाही. तीच मिनिटं दोनदा येतात आणि नोंदी एकमेकींवर चढतात. म्हणून त्याची चाल थोडी मंद केली आणि वेळ येऊन मिळेपर्यंत त्याला रांगू दिलं.

रविना आठवड्याभरात परतली. तिला मिळालेल्या पत्रात "तांत्रिक कारणामुळे" एवढंच होतं, माफीचा शब्द नव्हता. रिम्शाला मात्र तार काढल्याबद्दल मेमो मिळाला. पाटील त्याच खुर्चीत आहेत.

"तू कशाला आलीस परत?" रिम्शाने तिला डबा खाताना विचारलं. "मी असते तर तोंडावर राजीनामा फेकला असता."

"फेकून मी जाऊ कुठे ताई?" रविना म्हणाली. "आणि गेले असते तर गावात म्हणाले असते, चुकली म्हणून काढली."

रिम्शा नुसती चिडून भाकरी मोडत राहिली.

रविना आता घाईच्या वेळीही डॉक्टर गिरासेंचा तोंडी आदेश घेत नाही. "सर, आधी टाका," म्हणते आणि हात बांधून पडद्यापुढे उभी राहते. डॉक्टर मुकाट्याने टाइप करतात.