धूसर वानर आणि आमची रविवारची मंडळी

काही घरांत प्लास्टिकच्या पिशव्या साठतात. एका पिशवीत दुसरी, दुसरीत तिसरी. कधी साठल्या, कुणी साठवल्या, काही कळत नाही. एक ओढायला जावं तर दहा बाहेर येतात. आमच्या ग्रुपमध्ये किस्से तसे साठलेत.

ग्रुप म्हणजे आम्ही चौघं. मी दातांची डॉक्टर, उमेळ्याला माझा दवाखाना. ऑल्विनसर वटारचे, शाळेत भूगोल शिकवतात. त्यांच्या शेजारच्या वाडीतले सुनीलकाका. केळी आणि सोनचाफा ह्यांच्यात त्यांचं आयुष्य गेलं. आणि मेघना, नायगावच्या टॉवरमध्ये सतराव्या मजल्यावर राहून दिवसभर लॅपटॉपशी बोलणारी. रविवारी सकाळी पक्षी बघायला जायचं आणि येताना सरांच्या ओट्यावर बसून त्यांच्या बायकोच्या, लीनाताईंच्या हातचा चहा प्यायचा, एवढाच खरं तर कार्यक्रम होता.

पक्षी बघता बघता आम्ही माणसासारख्या दिसणाऱ्या, पण माणूस नसलेल्या प्राण्याच्या नादी कसे लागलो, ते आता चौघांपैकी कुणालाच नीट सांगता येत नाही.

*

सुरुवात बहुतेक सरांनी केली. कुठल्या तरी बर्फाळ डोंगरावर म्हणे एक केसाळ प्राणी दिसला होता. इंटरनेटवरचा तो फोटो सर झेरॉक्सवाल्याकडून मोठ्ठा प्रिंट करून घेऊन आले. पांढऱ्या कागदावर एक काळपट डाग!

काका चष्मा लावून बघत राहिले. म्हणाले, "चालतोय."

"काका, चालत कुठे? आरामसे बैठा है!" मेघना म्हणाली.

मी म्हटलं, दगड आहे. मला दोघांनीही गप्प बसवलं.

चहा दोनदा झाला. हात कुठला, पाय कुठला, ह्यावर काका आणि मेघना अगदी इरेला पेटले. शेवटी लीनाताई कप उचलायला आल्या, जरा वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, कागद उलटा धरलाय. खाली नाव छापलंय ते वर आलंय!"

कागद सुलटा केला. दोघांनी पुन्हा कागदात डोकी घातली.

मग काका म्हणाले, "बसलाय." आणि मेघना म्हणाली, "नहीं काका, चल रहा है!"

*

दुसरा फोटो आमच्या घरचा. तुंगारेश्वरच्या पायथ्याशी मेघनाने धनेश पक्ष्याचे पन्नासेक फोटो काढले. घरी जाऊन बघते तर एका फोटोच्या कोपऱ्यात, झाडीत, काहीतरी मोठं, वाकलेलं, करड्या रंगाचं. अंगाला सुरकुत्या. डोकं दिसतच नाही!

पुढच्या रविवारी सगळ्यांत जास्त कुणाला चेव चढला असेल तर काकांना. जन्मभर जनावरं बघितलेला माणूस. त्यांनी फोटो मोठा करून करून आम्हाला शिकवणीच दिली. "माणसाच्या पाठीला असा बाक नसतो. खांदे बघा, अंगापेक्षा जड. आणि उभं राहण्याची ढब बघा. त्यात बुद्धी दिसत नाही. हे जनावरच."

सर भारावून गेले. मीसुद्धा गोंधळले, खोटं का बोलू!

काकांनी तो फोटो घरी काकूंना दाखवला. काकूंनी एकदा बघितला आणि म्हणाल्या, "अहो, हा तुमचा रेनकोट! पाठीवरचं ठिगळ मीच नाही का लावलं? बुटाची लेस बांधताय तुम्ही."

काका दोन रविवार आले नाहीत. मग आले. पण "उभं राहण्याच्या ढबीत बुद्धी दिसत नाही" हे वाक्य आमच्यापैकी कुणी विसरलं नाही. काकू तर नाहीच नाही.

*

मेघनाच्या टॉवरमधून खाडी दिसते. एका सकाळी तिने बेडरूममधून खाडीचा फोटो काढला आणि त्यात तिवरांच्या मधोमध कुणीतरी उभं! काळं, उंच, हात लोंबते. तिने आमच्या ग्रुपवर टाकायचा तो चुकून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

झालं! दोनशे घरं जागी झाली.

"मुलांना खाली पाठवू नका."

"हे आधी कुणी सांगितलं का नाही?"

"पार्किंगमध्ये येतो का?"

कुणीतरी विचारलं, "व्हेज आहे का?" त्यावर वेगळंच भांडण लागलं.

संध्याकाळी मेघनाने पुन्हा खिडकीतून बघितलं. तिथेच उभा. हललेलासुद्धा नाही! तेवढ्यात तिच्या सासूबाई ओलं फडकं घेऊन आल्या, "ह्या काचेला काय लागलंय बघ," म्हणाल्या आणि जोर लावून काच पुसली.

खाडी स्वच्छ.

मेघनाने प्रामाणिकपणे ग्रुपवर लिहिलं, "गेला. सासूबाईंनी पुसला."

लोकांनी 'पुसला'चं 'पिटाळला' वाचलं असावं. आता सासूबाई लिफ्टमध्ये शिरल्या की लोक जागा देतात!

*

एकदा मला वाटलं, ह्या धूसरपणाचाच एकदा निकाल लावू. सरांच्या भावाचा मोठा कॅमेरा मागून आणला. काकांच्या वाडीत केळी खायला वानर आलं होतं. साधं, काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं. फोटो असा आला की पापण्यांचे केस मोजावेत. माणसासारख्या दिसणाऱ्या अज्ञात प्राण्यांचा शोध घेणाऱ्यांचा एक मोठा ऑनलाइन ग्रुप आहे, तिथे टाकला. वर लिहिलं, 'साधं वानर.'

पहिलं उत्तर आलं, "एआय आहे."

दुसरं, "फेक! एवढा क्लिअर फोटो कधी असतो का?"

तिसऱ्याने लिहिलं, "शेपटी नंतर जोडलेली आहे."

मी चिडून आणखी फोटो टाकायला गेले आणि गडबडीत भलताच गेला. लेन्सवर माझा अंगठा आला होता तो! नुसता तांबूस-काळा गोळा, कडेला थोडा उजेड.

पाच मिनिटांत अडीचशे लोकांनी बघितला. "अप्रतिम!" "छाती केवढी आहे!" "मॅडम, लोकेशन द्या ना!"

मी ग्रुप सोडला. माझा अंगठा अजून तिथे फिरतोय म्हणतात.

*

ऑल्विनसरांनी एका रविवारी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, संपल्यावर फादरना गाठलं. सरांचा प्रश्न खरा होता, थट्टेचा नव्हता. "फादर, देवाने असा एखादा प्राणी केला असेल आणि तो आपल्याला दाखवलाच नसेल, असं होऊ शकतं का?"

फादर म्हणाले, "का नाही? देवाला कुणाची परवानगी लागते का? फोटो बघू."

सरांनी मोबाइलवर तो बर्फाळ डोंगरावरचा फोटो काढून दिला. फादरनी फोटो जवळ धरला, लांब धरला, बाहेर उन्हात नेऊन बघितला. शेवटी परत देत म्हणाले, "ऑल्विन, न दिसणाऱ्या गोष्टींवर विश्वास ठेवा, हे मी दर रविवारी सांगतो. पण ही तर दिसतेय रे! म्हणूनच अडचण होतेय."

*

आता सरांच्या फोटोचं सांगते.

थंडीच्या दिवसांत सर एकटेच तुंगारेश्वरला गेले होते. ओढ्याच्या पलीकडे एका मोठ्या उंबराला टेकून कुणीतरी उभं होतं, म्हणाले. दोन पायांवर. त्यांच्याकडे बघत. सरांनी मोबाइल काढला, एक फोटो घेतला, तोवर ते वळून झाडीत गेलं. फोटोत खोड दिसतं आणि खोडाला लागून काळपट धूर असावा तसा एक आकार.

आम्ही हसलो नाही. सरांचा चेहराच तसा होता. पण शाळेत गोष्ट फुटली. एकदा वर्गात शिरले तर फळ्यावर माकडाचं चित्र, खाली लिहिलेलं, 'सर, ओळखलंत का?' स्टाफरूममध्ये कुणी केळं सोललं तरी लोक सरांकडे बघून हसायचे. सरांनी रविवारचं येणं बंद केलं. लीनाताईंनी मला फोन केला. "जेवतात, झोपतात, पण बोलत नाहीत. फक्त एवढंच विचारतात, तुला तरी खरं वाटतं का? मी काय सांगू, डॉक्टर?"

काका सरांच्या घरी गेले आणि ओट्यावरूनच ओरडले, "ऑल्विन, बूट घाल! ह्याचा आज निकाल लावू."

काकांचं म्हणणं साधं होतं. त्याच झाडाखाली सरांनी उभं राहायचं, त्याच जागेवरून फोटो काढायचा आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवून उंची ताडायची. माणसाएवढा निघाला तर माणूस. विषय संपला.

आम्ही चौघंही गेलो. सकाळचं स्वच्छ ऊन होतं, वारा नव्हता. सर ओढा ओलांडून उंबराला टेकून उभे राहिले. हाताची घडी, चेहरा गंभीर. मेघनाने सरांच्याच मोबाइलने फोटो काढला. बघितला. पुन्हा काढला. मग मोबाइल माझ्याकडे दिला, "डॉक्टर, आप लो ना."

मी काढला.

उंबराची साल स्पष्ट. खोडावरची फळं स्पष्ट. मुंग्यांची रांगसुद्धा स्पष्ट. आणि मधोमध, सर उभे होते तिथे, सरांच्या त्या फोटोतल्यासारखाच काळपट धूर!

"सर, हलू नका!" मी ओरडले.

"हललोच नाही!" सर पलीकडून म्हणाले.

मी लेन्स ओढणीने पुसली. परत काढला. तेच. मेघनाने काकांना सरांच्या शेजारी उभं केलं. काका स्पष्ट आले, अगदी शर्टाच्या गुंड्यांसकट. शेजारी धूर. मग तिने स्वतःचा मोबाइल काढला आणि त्यावर घेतला. काका स्पष्ट. शेजारी धूर!

ते दोघे ओढा ओलांडून अलीकडे आले. सरांनी फोटो बघितले. काकांनी मोबाइल हातात घेतला, बराच वेळ बघितलं, मान वर करून सरांकडे बघितलं, परत फोटोकडे बघितलं. मग पुढे होऊन सरांच्या दंडाला करकचून चिमटा काढला.

"आई गं!" सर कळवळले.

"दुखलं?"

"दुखलं की, काका!"

"मग हे काय आहे रे?" फोटोतल्या धुरावर बोट ठेवून काका म्हणाले.