ओठ हलत होते

परवा फोनवर तुम्ही नातवंडांनी विचारलंत, आजी, डोंगर चढणाऱ्यांचे सिनेमे तू का बघत नाहीस? फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते.

मी तेव्हा लातूरला एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवत होते. दर सोमवारी परीक्षेचा निकाल लागे आणि मुलांच्या जागा बदलत. वर आलेले पहिल्या बॅचला, घसरलेले शेवटच्या. शेवटच्या बॅचला चांगले शिक्षक जातच नसत.

एकदा क्लास चालवणाऱ्या सरांनी हॉलमध्ये पडदा लावून हिमशिखरावरच्या एका मोहिमेचा सिनेमा दाखवला. सिनेमा इंग्रजी, म्हणून मी माईक घेऊन मराठीत सांगायचं. "मॅडमच्या इंग्रजीमुळे आपल्या क्लासला वजन आहे," असं सर पालकांना सांगत. मला ते आवडायचं.

वादळात सापडलेला एक गिर्यारोहक बर्फात बसून राहिलेला. दोघे सोबती त्याच्याजवळ आले, वाकले आणि वर निघून गेले. तो इंग्रजीत पुटपुटला, "मी अजून आहे." मी माईक तोंडाशी नेला, तेवढ्यात सर कानाशी म्हणाले, "मेला म्हणून सांगा. पोरं बिचकतील."

मी सांगितलं, "तो मेलेला आहे."

पहिल्या बॅचमधली एक मुलगी उठली. भूकंपात ती तान्ही असताना दगडमातीखाली गाडली गेली होती. रडणं ऐकून कुणीतरी थांबलं, म्हणून वाचली. आईबाप गेले, चुलत्याने वाढवली.

"मॅडम, त्याचे ओठ हलायलेत."

"वारा आहे. बस खाली."

"न्हाई मॅडम, बोलायलाय त्यो. थांबले का न्हाईत हे लोक?"

सरांनी सिनेमा थांबवला. "थांबले असते तर वर कोण गेलं असतं, तुझी आजी?" हॉल हसला. "मागं वळून बघणाऱ्यांसाठी आपल्याकडं शेवटची बॅच हाय. उद्यापासून तिथं बस."

चुलत्याने तिला एका अटीवर धाडलं होतं: पहिल्या बॅचमधून घसरली की गावी परत, आणि लग्न. हे मला माहीत होतं. तिनेच एकदा सांगितलं होतं.

दोन दिवसांनी चुलता आला. सरांच्या खोलीत न जाता थेट माझ्यापाशी आला. मुलगी मागे उभी.

"बाई, ही म्हनती, त्यो मानूस जिता होता. सर फोनवर म्हनले, पोरगी खोटारडी हाय, उलटं बोलती. मला विंग्रजी येत न्हाई. तुमी सांगा. जिता असंल तर मी भांडतो सरांसंगं, आन् पोरगी हितंच ऱ्हाती."

सर दारात येऊन उभे राहिले होते. हसत होते.

"मेला होता," मी म्हणाले.

"ऐकलं का?" चुलता तिच्याकडे वळला. "भर हालमदी मास्तराला खोटं पाडायला निघाली! चल, ट्रंक उचल."

ती रडली नाही. मला म्हणाली, "मॅडम, तुमाला तर ऐकू आलं होतं." चुलत्याने तिच्या पाठीत धपाटा घातला, आणि दोघे जिना उतरून गेले.

माझा तास सुरू व्हायचा होता. मी वर्गात गेले, हजेरी उघडली, तिच्या नावावर पट्टी धरली आणि लाल शाईने रेघ ओढली. मग पुढचं नाव पुकारलं.