कोरडा तात्ता

कुंभकोणमात आर्किटेक्ट म्हणून माझ्या हातून काय उभं राहिलं म्हणाल, तर लग्नाची कार्यालयं. गुलाबी, पोपटी. मला बांधायचा होता स्तूप. सुट्टी मिळाली की स्तूप पाहायला सांची, आंध्रातली अमरावती करायचो. आमचे अण्णा, म्हणजे थोरले भाऊ, ठेकेदार. ते म्हणायचे, "तुझा बुद्ध सिमेंट कोणाकडून घेतो, विचार एकदा." मी हसायचो आणि मनात त्यांचं वाईट चिंतायचो.

मग सुंदरपेरुमाळ कोयिल गावाच्या पलीकडे, भातखाचरांच्या बांधावर तो दिसला. दगडी, मांडी घातलेला, नाक झिजलेलं. बुद्धच. वस्तीतले लोक त्याला तात्ता म्हणतात, म्हणजे आजोबा. कपाळी विभूती, अंगाला तेल, डोक्यावर छप्पर नाही. ऐप्पसी महिन्यातल्या, म्हणजे आश्विन-कार्तिकातल्या, पावसाचं त्याच्या अंगावरून ओघळलेलं पाणी मडक्यात धरायचं, रोपांवर शिंपडायचं, मगच लावणी.

सिंगापूरला गेलेल्या, वस्तीतल्याच एकानं देवळासाठी पैसे देऊ केले आणि काम माझ्याकडे आलं. वस्तीची अट एकच: तात्ता भिजला पाहिजे. मी कागदावर स्तूपासारखा घुमट काढून दाखवला, माथ्यावर गोल भोक ठेवून. "ऊन, पाऊस, सगळं सरळ आत येईल," म्हणालो. त्यांनी विश्वास ठेवला.

बांधकाम अण्णांचं. काँक्रीट ओतायच्या दिवशी मी वर चढलो आणि भोक बुजवायला सांगितलं.

"गावाला काय सांगशील?" अण्णांनी विचारलं.

"दगड झिजतोय, म्हणून सांगेन."

"आणि मला?"

मी शिडी उतरू लागलो. खरं एवढंच, की भोक असलेला स्तूप मला विद्रूप दिसत होता.

ऐप्पसीत पाऊस आला. बायका मडकी घेऊन आत उभ्या राहिल्या. घुमटावरून पाणी चहूकडे धो धो पडत होतं आणि तात्ता कोरडा ठणठणीत.

"काय सार, तुमच्या घरी म्हाताऱ्यांना पाणी देत नाहीत?" एकीनं विचारलं.

"म्हातारी माणसं टिकतच नसतील त्यांच्याकडे," मागून दुसरी. सगळ्या हसल्या.

मी दगड झिजण्याचं सांगू लागलो. "झिजू दे की," पहिली म्हणाली, "आम्ही काय, झिजत नाही?"

त्यानंतर बांधावर उघड्यात एक साधा दगड उभा राहिला, विभूती लावलेला. दिवा आता तिथं लागतो. तात्ताकडे कोणी फिरकत नाही. मी गेलो की टपरीवाला दूध संपलं म्हणतो, आणि मागं पातेल्यात दूध उतू जात असतं. मलाही ती माणसं डोळ्यांसमोर नको वाटतात. फसवलं मी, आणि चीडही मलाच येते.

अण्णा परवा म्हणाले, "दोन माणसं पाठवतो. भोक पाडून देतो, फुकट."

"भेगा जातील."

"जाणार नाहीत. तुलाही ठाऊक आहे."

ठाऊक आहे. तरी मी संध्याकाळी तिथं जातो. आत जाऊन तात्तापुढे बसायचं धाडस होत नाही. खाचराच्या कडेला उभा राहतो, उतरतं ऊन घुमटावर येईपर्यंत. फार सुंदर झालाय तो. अण्णांना मी अजून हो म्हटलेलं नाही.