शीतलने सुपारीबद्दल विचारलं तेव्हा

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळही नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते मलाही नीट कळत नाही.

कोल्हारच्या शाळेत मी सत्तावीस वर्षं शिकवलं. मुलांना तंबाखू-सुपारीचे तोटे सांगायचे — आणि माझ्याच पर्समध्ये भाजक्या सुपारीची डबी असायची. स्टाफरूममध्ये कुणी नसलं की एक खांड गालात. घरी स्वयंपाक करताना दुसरं. कुणाला पत्ता नव्हता.

मग उजवा जबडा दुखायला लागला. कानापुढे ठणका, जांभई दिली की कट्ट आवाज, भाकरी चावताना डोळ्यांत पाणी. गावात शीतलने नुकताच दातांचा दवाखाना टाकला होता. माझीच विद्यार्थिनी. वडिलांनी तिला स्टँडजवळ गाळा घेऊन दिला होता. तिने एक्स-रे काढला, कानापुढे बोटांनी दाबून पाहिलं. दात ठीक आहेत, सांध्यावर ताण येतोय, म्हणाली. मग हळूच विचारलं, "बाई, सुपारी वगैरे खाता का?"

सोबत शाळेतल्या दुसऱ्या बाई बसल्या होत्या.

"नाही," मी म्हणाले.

तिने विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? खोटं बोलू नये हे तिला मीच शिकवलं होतं ना?

तरी ती म्हणत होती — मऊ खा, शेक घ्या, थोडं थांबू. मीच थांबले नाही. दाढच दुखतेय असा हट्ट धरला. तिसऱ्या खेपेला, निव्वळ माझ्या शब्दाखातर, तिने ती जुनी चांदी भरलेली दाढ काढली.

दुखणं तसंच राहिलं. आणि मी — इथे थांबावंसं वाटतं — मी सांगत सुटले. शीतलने माझी चांगली दाढ उपटली. बाजारात सांगितलं, भिशीत सांगितलं, पालकसभेतसुद्धा. बाई सांगतात म्हटल्यावर कोण शंका घेणार? लोक दातांसाठी नगरला जाऊ लागले. वर्षभरात तिच्या गाळ्याला कुलूप लागलं.

पुढे मीही नगरला, सावेडीतल्या एका दातांच्या डॉक्टरांकडे गेले. एकटीच. त्यांनीही तेच विचारलं. तेव्हा मात्र हो म्हणाले. सतत चघळून स्नायू आणि सांधा दमलाय, शिवाय तुम्ही झोपेत दात आवळता, असं त्यांनी सांगितलं. सुपारी सोडली. रात्री दातांवर बसवायचं कव्हर दिलं, जबड्याचे व्यायाम दिले. चार महिन्यांत ठणका गेला. तेव्हा तरी गावात खरं सांगायचं होतं. सांगितलं का? नाही.

गेल्या महिन्यात सावेडीतच रिक्षाची वाट बघताना शीतल भेटली. आता दुसऱ्यांच्या दवाखान्यात नोकरी करते. आधी माझ्या जबड्याचीच चौकशी केली तिने. मग म्हणाली, "तेव्हा माझंच काहीतरी चुकलं असेल, बाई. अजून मनाला लागून आहे."

मी बोलणार होते. अगदी ओठांवर आलं होतं. पण म्हणाले काय —

"जाऊ दे गं. होतं असं."

म्हणजे मी तिला माफ केलं. मी. तिला.

ती भर रस्त्यात वाकून पाया पडली. मी पडू दिलं.