त्याच्या नंबरावर मी

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. कागलच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी युनिक्सवर चालणारा मोठा कॉम्प्युटर, म्हणजे तिथल्या भाषेत मशीन, सांभाळायला लागलो. माझ्या आधी ते काम करणारा मुलगा डोक्यातल्या गाठीनं दोन महिन्यांत गेला होता. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं आणि त्याच्याबद्दल काही ऐकायची इच्छाही नव्हती.

कारखान्यात एक पद्धत होती. माणूस गेला की त्याचा टोकन नंबर नव्या माणसाला द्यायचा, आणि नंबराबरोबर गेटचं कार्ड आणि लॉकरही. मेलेल्या माणसाचा नंबर मला नको, असं मी टाईम ऑफिसातल्या क्लार्कला सांगितलं. त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, मग कोरा नंबर मिळेपर्यंत गेटाबाहेर थांबा. मी मुकाट्यानं नंबर घेतला. लॉकरमध्ये विभूतीची पुडी होती आणि एक स्टीलचा डबा. कॅन्टीनमध्ये सगळ्यांचे डबे सारखेच, म्हणून त्यावर इंग्रजी अक्षरांत त्याचं नाव कोरलेलं होतं. मी डब्याला हात न लावता दार लावून टाकलं.

मशीनमध्येही माणसांची अशीच नोंद असते. पासवर्ड फाईल नावाची एक साधी फाईल असते, त्यात एका माणसाची एक ओळ. ओळीत नाव आणि पुढे नंबर. मशीन खरं तर नंबरच ओळखतं, नाव आपल्या सोयीसाठी. साहेबांनी त्याचं नाव काढून माझं घालायला सांगितलं. मी त्याची ओळ उघडली, नाव खोडून माझं लिहिलं, आणि नंबर तोच राहू दिला. शिकलेल्या माणसानं करू नये अशी ही चूक. पण कारखान्याचं वळण अंगात मुरायला वेळ लागत नाही.

मग मी एलएस ही आज्ञा देऊन फायलींची यादी मागवली. शेकडो फायली आल्या, आणि प्रत्येकीवर मालक म्हणून माझं नाव होतं. तारखा मात्र मी राजारामपुरीत क्लासला सायकल हाणत होतो तेव्हाच्या. कारण मला ठाऊक होतं. नंबर तोच, म्हणजे मशीनच्या लेखी माणूसही तोच. तरी अंगावर काटा आलाच.

मशीनमधल्या माहितीची रोज एका टेपवर नक्कल निघायची; त्यातली एक फाईल ही टेप बदलल्याच्या रोजच्या नोंदींची होती. शेवटी शेवटी त्यात इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं होतं. आज उजव्या बाजूला ठणका. आज अक्षरं दोन-दोन दिसतात. सगळ्यात खाली, उद्या टेप बदलायची. मी टेप बदलली आणि त्याच फाईलमध्ये, त्या ओळीखाली, माझी नोंद केली. रोज सकाळी तेच करत राहिलो. महिनाभरानं माझं डोकं दुखायला लागलं, उजव्या बाजूला. डॉक्टर म्हणाले, स्क्रीनपासून लांब बसा. लांब बसलो तरी दुखणं अधूनमधून येतच राहिलं. मी घरी कुणाला बोललो नाही, पण भ्यालो होतो.

सहा-सात महिन्यांनी एका दुपारी त्याचे वडील आले. सीमेकडच्या गावातले शेतकरी, कपाळावर विभूतीचे पट्टे. पोराचा डबा न्यायला आलेत, असं वॉचमननं सांगितलं. मी डबा दिला, पण ते जाईनात. पोरगा त्यांना सांगायचा, मी जे करतो त्यावर मशीन माझं नाव लिहितं. हजेरीपटावरून नाव गेलं होतं, रेशन कार्डावरून गेलं होतं. आता फक्त इथं असणार, असा त्यांचा हिशेब होता.

"नाव दावा की तम्मा तेवढं," ते मला कानडीत धाकटा भाऊ म्हणत म्हणाले. "बगतो न् जातो."

ते नाव मीच पुसलं होतं. साहेबांची सही लागते, उद्या या, असलं काहीतरी सांगून मी त्यांना वाटेला लावू शकलो असतो. त्याऐवजी त्यांना माझ्या खुर्चीवर बसवलं, शेजारी वाकून पासवर्ड फाईल उघडली, आणि माझ्या ओळीच्या वर त्याची ओळ पुन्हा लिहिली. एका नंबरावर दोन नावं असली की मशीन वरचं धरतं. मग एलएस दिलं.

सगळा पडदा त्याच्या नावानं भरला. वडिलांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी डबा पडद्याजवळ धरला आणि कोरलेलं एकेक अक्षर बोटानं ताडून पाहिलं. अक्षरं जुळली. डोळे पुसत ते ओळीमागून ओळ खाली आले आणि टेपच्या नोंदींच्या फाईलपाशी बोट थांबलं. यादीत प्रत्येक फाईलपुढे तिच्यात शेवटचं लिहिल्याची तारीख असते. अक्षरं कळत नसली तरी कॅलेंडरवरचे आकडे त्यांना कळत होते.

"ही तारीख आजची न्हवं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आज आलता व्हय त्यो?"

ती नोंद मी सकाळी केली होती. मी ते सांगायला हवं होतं.

"व्हय," मी म्हणालो. "सकाळी आलता."

त्यांनी मान हलवली, डबा पिशवीत घातला आणि ते निघून गेले. मी त्यांनी रिकामी केलेल्या खुर्चीवर बसलो. मी कोण आहे, हे मशीनला विचारायची एक आज्ञा असते. ती टाईप केली. उत्तरात डब्यावरचं नाव आलं.

स्वतःला नवा नंबर घ्यायला पाच मिनिटं पुरली असती. मी आठवडाभर घेतला नाही. त्या आठवड्यात माझं डोकं एकदाही दुखलं नाही.